गोठ्यात घोणस निघाली, मारायची की जाऊ द्यायची? जनावरं सांभाळणाऱ्यांनी सांगा

दावणीवरची

नमस्कार. हाताची थरथर अजून गेली नाहीये, त्यामुळे लिहिताना इकडचं तिकडे झालं तर समजून घ्या.

माझ्याकडे दोन गायी, एक कालवड, सात शेळ्या आणि थोड्या कोंबड्या, एवढाच पसारा आहे आणि बघणारी मी एकटीच. आज संध्याकाळी धारा काढायच्या आधी गव्हाणीत वैरण टाकायची म्हणून गंजीतून पेंढ्या उपसत होते. रोजचं काम, बघावं लागतच नाही, हात आपोआप जातो. तिसरी पेंढी ओढली आणि आतून आवाज आला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते ना लांबलचक, तसा, पण थांबेचना. मला वाटलं पाण्याचा पाइप कुठे फाटला, म्हणून वाकून बघितलं तर बुडाच्या पेंढीला चिकटून वेटोळं. माझ्या मनगटापेक्षा जाड अंग, मातकट रंग, पाठीवर काळ्या काठाचे लांबट ठिपके साखळीच्या कड्यांसारखे एकामागे एक, आणि श्वास घेतला की ते अख्खं वेटोळं फुगायचं, सोडला की तो आवाज. माझा हात तिच्यापासून तीन वीत असेल. तीनच वीत हो.

पळायला हवं होतं का माहीत नाही, माझे पायच उचलले नाहीत. पेंढी हातात तशीच. मग एक पाय मागे, दुसरा मागे, असं करत करत दारापर्यंत आले. तोवर गायी कान टवकारून दावं ताणायला लागल्या होत्या, शेळ्या सगळ्या एका कोपऱ्यात गोळा, आणि आठ दिवसांचं एक करडू मात्र टुणटुणत थेट गंजीकडे निघालं. त्याला कसं उचललं ते मलाच आठवत नाही. आठ-दहा मिनिटांनी ती सरकत सरकत जोत्याच्या दगडांच्या फटीत गेली, घाई अजिबात नाही तिला.

शेजारचे भाऊजी फावडं घेऊन आले. सासूबाई म्हणतायत आज सोडलीस तर उद्या कालवडीला धरेल. मी दोघांना थांबवलं खरं पण आता झोप उडालीये, कारण माझा सहा वर्षांचा मुलगा रोज त्याच बाजूच्या खुराड्यातून अंडी काढून आणतो. मी चूक केली का? जनावराला चावली तर ओळखायचं कसं आणि पहिल्यांदा काय करायचं? मला चावली असती तर? आणि कोणी म्हणतं कार्बोलिक शिंपड, कोणी म्हणतं डांबराच्या गोळ्या टाक, त्याचा उपयोग होतो का? ज्यांच्यावर हे ओढवलंय त्यांनी सांगा प्लीज.

बांधावरचे_काका

ताई, तुमचे पाय उचलले नाहीत हे तुमच्या पथ्यावर पडलं. साप माणसाच्या मागे लागत नाही, पण वीतभर अंतरावर एकदम हात झटकला असता तर तिनं तोंड टाकलंच असतं, आणि घोणशीचा झपाटा असा असतो की बघणाऱ्याला कळतं तोवर ती परत वेटोळ्यात गेलेली असते. ती जो आवाज करते तो तुमच्यासाठीच असतो, इथे आहे, पाय देऊ नका. मी तर म्हणतो आवाज करणारी घोणस परवडली, कधीकधी ती गप्प पडून राहते आणि त्यावर पाय पडतो तेव्हा खरी पंचाईत.

अंतराचं लक्षात ठेवा. साप साधारण स्वतःच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्यापर्यंत पुढे झेपावतो. पण वेटोळ्यातली लांबी भल्याभल्यांना कळत नाही म्हणून हिशोब करत बसायचं नाही, सात-आठ फूट मागे व्हायचं, नजर तिच्यावर ठेवायची आणि तिला जायला एक बाजू मोकळी सोडायची. कोंडली की ती बिथरते. तुम्ही दाराकडे सरकलात आणि जोत्याकडची बाजू तिला मोकळी राहिली, म्हणून ती गेली.

फावड्याचं म्हणाल तर माझ्या चुलतभावाची गोष्ट सांगतो. त्यानं गोठ्यात अशीच घोणस मारली, मुंडकं वेगळं केलं, अर्ध्या तासानं पोरं बघायला जमली तेव्हा हे बघा दात म्हणून मुंडकं हातात घेतलं आणि त्या तुटलेल्या मुंडक्यानं अंगठ्यात दात रुतवले. मेलेल्या सापाचं डोकं बराच वेळ चावू शकतं, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. वेळेवर दवाखाना गाठला म्हणून वाचला, पण तो अंगठा आज इतकी वर्षं झाली वाकत नाही, धार काढताना चार बोटांवर काढतो. ज्याला साप मारायचा असतो त्याला सापाच्या टप्प्यात जावंच लागतं, एवढं भाऊजींना सांगा.

आणि उद्यापासून गंजीत हात घालायचा नाही. आधी काठीनं गंजीवर दोन-चार दणके द्यायचे, जमिनीची थरथर सापाला चांगली कळते, मग आकडीनं पेंढी ओढून मोकळ्यावर पाडायची, उलटी करून बघायची, आणि मगच उचलायची. पायात गमबूट. अंधार पडला की बॅटरीशिवाय गोठ्यात पाऊल नाही, ओळखीच्या चार पावलांवर जायचं असलं तरी नाही.

शंका_आहे

काकांचा अनुभव मान्य आहे पण मला पटत नाही, माफ करा. घरात सहा वर्षांचं लेकरू आहे आणि जोत्यात विषारी साप बसलाय हे माहीत असून तो सोडून द्यायचा? उद्या काही झालं तर इथे सल्ला देणारे येणार आहेत का? माझ्याकडे गेल्या वर्षी नाग निघाला, आम्ही मारला, काही झालं नाही. दया वगैरे ठीक आहे पण आधी आपलं माणूस आणि आपलं जनावर.

सर्पमित्र_रात्रपाळी

शंका_आहे, तुमची काळजी बरोबर आहे आणि मीही ताईंना हेच सांगणार की ती घोणस तिथे राहू द्यायची नाही. फक्त ती काढायची कोणी, हा प्रश्न आहे. ताई, जवळच्या सर्पमित्राला बोलवा. तो येईपर्यंत एकानं लांबून त्या फटीवर नजर ठेवायची, फोनवर लाइट लावून फटीत वाकून बघायचं नाही, काठी खुपसायची नाही, पाणी ओतायचं नाही, रॉकेल तर मुळीच नाही. आणि फट आत्ता बुजवू नका. जुन्या जोत्याला एक तोंड दिसत असलं तरी दुसरं कुठेतरी असतंच, ते बहुतेक वेळा गोठ्याच्या आतल्या बाजूला निघतं.

तुम्ही जे वर्णन केलंय ते घोणशीचंच वाटतंय. पाठीवर ठिपक्यांच्या तीन ओळी, एक मधोमध आणि एकेक दोन्ही कडांना, आणि तो आवाज. पुष्कळ लोक डुरक्या घोणस बघून हीच समजतात, ती बिनविषारी असते, तिच्या पाठीवरचे डाग वेडेवाकडे एकमेकांत मिसळलेले असतात आणि शेपूट आखूड. उलटंही होतं, घोणशीला अजगराचं पिल्लू समजून उचलणारे मी पाहिलेत. त्यामुळे ओळख पटवायला जवळ जायचं नाही. शंका असली की विषारी धरायचा आणि लांब राहायचं.

आता मूळ मुद्दा. सासूबाईंना सांगा, घोणस कालवडीसाठी आलेली नाही, कालवड तिच्या तोंडात जाणार आहे का? ती उंदरासाठी आली. उंदीर आला पेंडीसाठी. तुमची पेंड, भरडा कशात आहे ते बघा, माझी खात्री आहे गोणीत असेल आणि ती गोणी भिंतीला टेकून जमिनीवर असेल. ही घोणस मारली आणि गोणी तिथेच राहिली तर महिन्यादोन महिन्यांत नाग येईल, तो उंदरासोबत अंडीही खातो. शंका_आहे, तुमच्याकडे नाग मारल्यावर काही झालं नाही म्हणता, उंदीर कमी झाले का?

पेंड झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात टाका. गंजी जमिनीवर नको, विटांवर फळ्या टाकून हातभर उंच करा म्हणजे खालून मांजराला फिरता येईल आणि तुम्हाला वाकून बॅटरी मारता येईल. गोठ्याच्या भिंतीला टेकून लाकडं, फुटके पत्रे, जुने टायर, विटांचा ढीग, जे काही आहे ते लांब न्या, भिंतीभोवती आठ-दहा फूट पट्टा उघडा बोडका ठेवा, साप उघड्यावर थांबायला कचरतो. खुराड्याची जाळी कोंबडी बाहेर जाऊ नये एवढीच असते, तिच्यातून लहान साप सहज जातो, बारीक भोकाची लोखंडी जाळी लावा, ६ मिलिमीटरची, आणि खाली वीतभर जमिनीत गाडा. प्लास्टिकची किंवा मासे धरायची जाळी लावू नका, तिच्यात साप अडकतो आणि मग अडकलेला जिवंत नाग सोडवायची वेळ तुमच्यावर येते.

कार्बोलिकनं साप येत नाही याला काही आधार नाही, उलट ते जनावराच्या कातडीला भाजतं, कोंबड्यांना आणि मुलांना घातक. डांबराच्या गोळ्यांवरून साप सरळ निघून जातात आणि करडू एखादी गोळी चघळेल ते वेगळंच. त्या पैशात पिंप घ्या.

पशुवैद्य_फिरतीवर

जनावराचं मी सांगतो, कारण या बाबतीत आमच्यापर्यंत लोक फार उशिरा येतात.

चरताना साप चावतो तो बहुतेक वेळा नाकपुडीवर, ओठांवर, जबड्याखाली, नाहीतर पायाला. कुत्रा हुंगायला जातो म्हणून त्यालाही तोंडावरच. घोणस किंवा फुरसं असेल तर चावल्याजागी सूज बघता बघता वाढते, हात लावू देत नाही इतकं दुखतं, दातांच्या जागेतून रक्त पाझरत राहतं, पुढे हिरड्यांतून येतं, लघवी लाल किंवा काळपट होते. नाग किंवा मण्यार असेल तर सूज कमी किंवा नसेलही, पण जनावर लाळ गाळतं, पापण्या जड, मान टाकतं, मागचे पाय लटपटतात, बसतं ते उठत नाही आणि श्वास उथळ होत जातो. सकाळी गोठ्यात जनावर असं दिसलं की विषबाधा समजून तेल पाजायला घेतात. कृपा करून काहीही पाजू नका. गिळायची ताकद गेलेली असते, पाजलेलं फुप्फुसात जातं आणि सापानं वाचलेली गाय तेलानं जाते. मी हे डोळ्यांनी बघितलंय, एकदा नाही.

तोंडावर चावलं असेल तर पहिलं काम म्हणजे म्होरकी, वेसण, गळ्यातलं दावं, घंटा, सगळं उतरवा. लगेच. सूज चढली की म्होरकी मांसात रुतते आणि कापायला पातं सुद्धा सरकत नाही. गायीसारख्या मोठ्या जनावराला विषाला बळी पडायला वेळ लागतो, पण नाकपुड्या सुजून बंद झाल्या तर ती गुदमरून त्याआधीच जाऊ शकते. जनावर चालवत दवाखान्यात आणू नका, जितकं चालेल तितकं विष पसरेल. सावलीत निवांत उभं राहू द्या किंवा बसू द्या आणि डॉक्टरला तिथे बोलवा. शेळी किंवा कुत्रा असेल तर उचलून गाडीत घाला आणि निघा, लहान अंग, विष तेवढंच, त्यांच्याकडे वेळ कमी असतो. पायाला चावलं तर वर आवळून बांधायचं नाही, चिरा द्यायच्या नाहीत.

एक काळजी स्वतःची घ्या. लाळ गाळणारं, गिळता न येणारं जनावर पिसाळलेलंही असू शकतं, लक्षणं फार सारखी दिसतात. त्यामुळे घशात काही अडकलंय का बघू म्हणून तोंडात हात घालू नका. आणि चावलेल्या गायीचं दूध मी सांगेपर्यंत, म्हणजे तुमचे डॉक्टर सांगेपर्यंत, वापरात घेऊ नका, औषधांचा अंशही त्यात उतरतो.

सासूबाई पुढे असंही म्हणतील की धामण गायीच्या पायाला विळखा घालून दूध पिते. सापाला चोखता येत नाही, त्याचे दात आत वळलेले असतात, सडाला लागले तर गाय गोठा डोक्यावर घेईल. सकाळी एखाद्या सडातून दूध आलं नाही तर कासदाह झालाय का ते बघा. धामण बिचारी उंदरांच्या मागे असते, तिला मारण्यात तुमचाच तोटा.

दुसरा_जन्म

मी सहसा लिहीत नाही पण ताईंनी विचारलंय की मला चावली असती तर, म्हणून लिहितो.

मला मण्यार चावला होता. गाय विणार होती, रात्री दोनदा उठून बघावं लागतं त्यापेक्षा गोठ्यातच पडू म्हणून खाली पोतं टाकून झोपलो. मध्यरात्रीनंतर कोपराजवळ काहीतरी डसलं, मुंगी चावते तितकंच, मी झोपेतच खाजवलं आणि कूस बदलली. पहाटे पोटात कळ यायला लागली, अशी की मला वाटलं काहीतरी बाधलं. उजाडता उजाडता पापण्या उघडेनात. म्हणजे मी जागा होतो, सगळं ऐकू येत होतं, पण बोटानं पापणी वर धरली तरच दिसायचं. बायकोशी बोलायला गेलो तर जीभ जड, शब्द लोळायला लागले. दातांची खूण कुठे दिसेना, सूज नाही, दुखत नाही, त्यामुळे साप हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. जेव्हा आलं तेव्हा घरच्यांनी आधी झाडपाला देणाऱ्याकडे नेलं. मी नको नको म्हणत होतो पण माझं बोलणं कोणाला कळत नव्हतं. तीन तास गेले तिथे.

नंतर दवाखान्यात गेलो तेव्हा श्वास जवळजवळ थांबला होता. नळी घातली, मशीनवर ठेवलं, अडीच दिवस. आणि हे मला सगळ्यांना सांगायचंय की त्या अडीच दिवसांत मला बरंचसं ऐकू येत होतं. हलता येत नव्हतं, डोळा उघडत नव्हता, पण डॉक्टर काय बोलतायत, बायको रडतीये, सगळं. मशीनवर कोणी असेल तर त्याच्याशी बोला, तो ऐकत असतो.

मण्यार रात्री फिरतो आणि त्याचा दंश असाच असतो, कळतच नाही. गोठ्यात झोपायची वेळ आली तर खाटेवर, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचून. मी आता तसाच झोपतो. त्या रात्री गायीला कालवड झाली, ती आता दूध देते.

शंका_आहे

दादा, वाचून अंगावर काटा आला. काळजी घ्या. एक विचारतो, सिरीयस प्रश्न आहे, वाद नाही. ते सापाच्या विषावरचं इंजेक्शन आपण आणून फ्रिजमध्ये ठेवलं तर? आमच्याकडून दवाखान्यात पोचायला वेळ लागतो. शिवाय तो साप सोबत न्यावा लागतो ना, कुठलं इंजेक्शन ते कळायला?

वॉर्डातली_सिस्टर

घरी ठेवून स्वतः देण्यासारखं ते औषध नाही. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तात जी प्रतिकारद्रव्यं तयार होतात त्यापासून ते बनतं, १८९५ च्या सुमारास फ्रान्सच्या आल्बेर काल्मेत यांनी नागाच्या विषावर पहिल्यांदा बनवलं ते याच तत्त्वावर. घोड्याचं प्रथिन आपल्या अंगात गेलं की काहींना जोरदार रिअॅक्शन येते, अंगावर गांधी उठतात, बीपी धाडकन खाली, श्वास घुसमटतो. ते निस्तरायला अॅड्रेनलिन, ऑक्सिजन आणि बघणारं माणूस शेजारी लागतं. शिवाय एका बाटलीनं भागत नाही, बऱ्याचदा सुरुवातच आठ-दहा बाटल्यांपासून, सलाइनमधून. आणि प्रत्येक दंशात विष सोडलेलंच असतं असंही नाही, कोरडा दंशही असतो, तेव्हा हे औषध द्यायचंच नसतं. पण कोरडा आहे की नाही हे घरी बसून ठरवायचं नाही, आम्ही चोवीस तास ठेवून बघतो.

साप आणायची गरज नाही, मारून तर नकोच, आणता आणता दुसरा माणूस चावून घेतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच मिश्र औषध चालतं. लांबून फोटो मिळाला तर चांगलं, नाही मिळाला तरी चालेल. आम्ही २ मिलि रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतो आणि मग तिरपं करून बघतो. पाण्यासारखं ओघळलं, गुठळी नाही, की घोणस-फुरशाचा प्रकार. पापण्या पडल्या, मान धरता येत नाही, की नाग-मण्याराचा. लक्षणं बोलतात.

ताई, तुम्हाला चावली असती तर काय, ते असं. सापापासून लांब होऊन खाली बसायचं आणि हाक मारायची. घड्याळ बघून वेळ लक्षात ठेवायची. हाताला चावलं असेल तर बांगड्या, अंगठी, पायाला असेल तर जोडवी, पैंजण, ताबडतोब उतरवायचे, नंतर सुजेमुळे निघत नाहीत आणि आम्हाला कापावे लागतात. हात मोडल्यावर जसा फळीला बांधतो तसा सैल बांधून हलू द्यायचा नाही. दोरीनं करकचून आवळायचं नाही, आवळलेल्या हाताचं मांस मरतं आणि घोणशीचं विष मुळातच मांस खराब करतं. ब्लेड नाही, तोंडानं चोखणं नाही, बर्फ नाही. अॅस्पिरिन, आयब्रुफेन नाही, रक्त आणखी पातळ होतं. उलटी येत असेल तर कुशीवर झोपवायचं. चालत जायचं नाही, पळत तर नाहीच. गाडीवर न्यायचं तर मध्ये बसवून मागे एकानं धरून बसायचं.

निघताना फोन करून विचारा, औषध आहे का आणि श्वासाचं मशीन आहे का. एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठवण्यात जे तास जातात ते मला सगळ्यात जास्त खुपतात. आणि तुमच्या मुलाबद्दल एक, लहान मुलांना औषध मोठ्या माणसाएवढंच लागतं, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. पालक घाबरतात की एवढ्याशा जिवाला एवढ्या बाटल्या, म्हणून आधीच सांगून ठेवते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सर्पदंश दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतला. जगभरात वर्षाला ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसं यानं जातात, आणि त्याच्या तिप्पट लोकांचा हात-पाय तरी जातो नाहीतर कायमचं अधूपण येतं. आमच्या वॉर्डात येणारे बघाल तर गवत कापणारे, गुरं राखणारे, अनवाणी पोरं. हीच माणसं असतात दर पावसाळ्यात. काकांच्या भावाचा अंगठा त्या तिपटीतला एक आहे.

दावणीवरची

सगळ्यांचे खूप खूप आभार. परवा रात्रीच परत परत वाचलं, सासूबाईंनाही वाचून दाखवलं. दादांचं वाचताना त्या गप्पच झाल्या, आणि सकाळी उठून स्वतःची चटई गोठ्याच्या ओसरीतून उचलून आत खाटेवर टाकली.

सर्पमित्र आले होते. दिवसभर काही नाही, ते संध्याकाळी अंधार पडता पडता परत आले आणि आम्ही लांब दाराशी बसून राहिलो. सव्वासातला फटीतून आधी फक्त नाक दिसलं, मग बराच वेळ काहीच नाही, मग अर्धं अंग. त्यांनी आकडीनं हळूच उचलून लांब पिशवीच्या तोंडाला लावलेल्या पाइपात घेतली, तोच आवाज, अख्ख्या गोठ्यात घुमला. म्हणाले मादी आहे, पोटाशी पिल्लं असू शकतात. ती अंडी घालत नाही म्हणे, जिवंत पिल्लं देते, वीस-तीस सुद्धा, आणि पिल्लू जन्मल्यापासून विषारी. ती जर जोत्यातच व्याली असती तर या विचारानं पोटात गोळा आला. भाऊजी तिथेच होते, फावडं आणलं नव्हतं.

आज सकाळी आम्ही तिघांनी मिळून गंजी हलवली. पेंडीच्या गोणीखाली गोणीच्याच कातरलेल्या सुतळीचं घरटं आणि त्यात उंदराची गुलाबी पिल्लं, डोळे न उघडलेली. गोणीला मागून मुठीएवढं भोक, मी रोज पुढून पेंड काढत होते आणि मागे हे. पिंप आणलंय. आकडी भाऊजींनीच लांब बांबूला बांधून दिली. मुलाला सांगितलंय की अंडी मी बॅटरी मारून बघितल्यावरच, तो आता बॅटरी स्वतः धरतो आणि मला बघू देतो.

फक्त एक राहिलं, जोत्यातली फट आता सिमेंटनं भरू का? आत अजून काही असेल तर?

सर्पमित्र_रात्रपाळी

लगेच नको. फटीच्या तोंडाशी चाळलेली राख वीतभर रुंद पसरा, आतल्या बाजूला दुसरं तोंड सापडलं तर तिथेही. दोन रात्री बघा. साप गेला-आला तर राखेत गुळगुळीत पट्टा उमटतो, उंदराची नखं वेगळी कळतात. दोन्ही सकाळी राख तशीच असेल तर दुपारच्या उजेडात भरा, आणि खडी घालून भरा म्हणजे उंदीर परत कोरणार नाही.

दावणीवरची

आतलं तोंड गव्हाणीच्या खाली सापडलं, तुम्ही म्हणालात तसंच. दोन्हीकडे राख टाकली होती. पहिल्या सकाळी बाहेरच्या राखेत कोंबडीची पावलं, आतल्या राखेत एक बेडूक बसलेला. दुसऱ्या सकाळी काहीच नाही. आज दुपारी खडी घालून भरून टाकलं.